तांबट आळीतले ठोके

मी तीस वर्षं लोकांची घरं कागदावर पाडली. चांगली उभी, रंग दिलेली, गच्चीत कुंड्या मांडलेली घरं. ‘पश्चिमेच्या भिंतीस तडा गेला असून छप्पर गळते. वरचा मजला वापरात नाही. सबब घरपट्टी कमी व्हावी ही विनंती.’ नगरपरिषदेच्या कर विभागात मी लिपिक होतो. दिवसा अशा हरकती फायलीला लावायचो आणि संध्याकाळी आमच्या तांबट आळीतल्या लोकांना त्याच लिहून द्यायचो. यात मला कधी लाज वाटली नाही. घरपट्टीची नोटीस आली की घर पडकं होतं, हा आमच्या गावाचा रिवाजच आहे. तपासणीला माणूस यायचा म्हटलं की लोक नव्या सोफ्यावर गोधडी टाकत आणि आजीला खोकायला सांगत.

मी निवृत्त झालो आणि दोन वर्षांत भुईकान आला.

त्याचं सरकारी नाव ‘स्पंदमापन प्रणाली’. भिंतीला कान असतात हे आजवर ऐकलं होतं, आता भुईलाही फुटले, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव भुईकान. त्यासाठी काही नवं खणावं लागलं नाही. इंटरनेटसाठी प्रत्येक गल्लीखाली काचेचे तंतू आधीच पुरलेले होते. त्यातल्या एका रिकाम्या तंतूत दर सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक उणिवा राहतातच, आणि प्रत्येक उणीव थोडासा उजेड मागे परतवते. वर कोणी पाऊल टाकलं की जमीन थरथरते, तंतू अगदी नखाएवढाही नाही, केसाच्या हजाराव्या भागाइतका ताणला जातो आणि परतणारा उजेड किंचित बदलतो. उजेड किती वेळाने परत आला यावरून जागा कळते. कसा बदलला यावरून कारण कळतं: हे पाऊल, हा मिक्सर, ही पाण्याची मोटर, हे वरच्या मजल्यावरचे चार भाडेकरू. मग आजीला खोकायला सांगून काय उपयोग?

कल्पना वाईट नव्हती, हे मला कबूल केलंच पाहिजे. जो घर जास्त वापरतो त्याने जास्त पट्टी भरावी, एकट्या विधवेने कमी. आणि ज्या गल्लीची पट्टी त्याच गल्लीत खर्च व्हावी. झाडू, दिवे, पाणी, शाळा, दवाखाना, सगळं त्या गल्लीच्या वापराच्या बेरजेवर. दर श्रावणात पंधरा दिवस मोजणी. गल्लीच्या तोंडाशी एक फलक लावला, त्यावर एक पट्टा वर-खाली व्हायचा. मधल्या रेषेच्या वर असला तर हिरवा, खाली असला तर लाल.

पहिल्या वर्षीच्या नोटिसा आल्या आणि अख्खी आळी माझ्या ओटीवर जमली. मी करडे, म्हणजे पट्टीतला वाकबगार माणूस. मी त्यांना सांगितलं, “हळू चाला. टाचा टेकवू नका.”

एवढंच सांगून थांबलो असतो तरी बरं होतं. मी खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू कापून बसवायला शिकवलं. मिक्सरखाली फोम, वॉशिंग मशीनखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे. स्वतःच्या घरात मी दारापासून मोरीपर्यंत रबराच्या चटया अंथरल्या. माझी बायको कुंदा रोज लसणाची चटणी खलबत्त्यात कुटायची. तो खलबत्ता मी माळ्यावर टाकला. ती म्हणाली, “अहो, चटणीवर कसली पट्टी?” मी म्हणालो, “ठोक्यावर आहे.” तीन वर्षांत आळी अशी चालायला लागली की जणू घरोघरी तान्हं मूल झोपलंय.

पट्टी उतरली. मला लोकांनी शाल-नारळ दिला, तो मी घेतलाही.

मग दिवे एकाआड एक लागायला लागले. झाडू आठवड्यातून दोनदा. शाळा दुसऱ्या वर्षी बंद पडली, तेव्हा लोक म्हणाले, नाहीतरी मुलं आहेत कुठे. ज्या आळीत माझ्या लहानपणी शंभर हातोडे एकदम चालायचे, बोलायचं तर ओरडावं लागायचं, तिथे आता मांजर उडी मारलेली ऐकू येत होतं. शेवटचे तांबट हातोडा ठेवून बसले होते, कारण भुईकान ठोका ऐकला की घराला कारखाना समजायचा आणि कारखान्याचा दर लावायचा.

तिसऱ्या वर्षी आषाढात दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. ‘आळीचा वापर किमान रेषेखाली गेल्याने, येत्या मोजणीत सुधारणा न झाल्यास हा दवाखाना बंद करून यंत्रसामग्री अन्यत्र हलवण्यात येईल.’

त्या यंत्रसामग्रीत डायलिसिसचं मशीन होतं. आणि दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, कुंदाचं रक्त त्या मशीनमधून फिरत होतं.

दवाखाना आमच्या घरापासून चौथा. कुंदा भिंतीला हात लावत लावत जायची, येताना मी धरून आणायचो. पुढचं मशीन जिल्ह्याला, एसटीने अडीच तास. मी एकदा तिला नेऊन पाहिलं. परतताना तिचा रक्तदाब इतका पडला की कंडक्टरने गाडी थांबवून तिला बाकावर आडवं केलं. डॉक्टर म्हणाले, काका, हा प्रवास यांना आठवड्यातून तीनदा झेपणार नाही. महिनाभरही नाही.

ती नोटीस वाचून मी घरी आलो. चवड्यांवर चालत. कुंदा मेथी निवडत बसली होती.

“काय झालं?” तिने विचारलं. “चेहरा का असा?”

“काही नाही.”

“नोटीस वाचलीत ना? मला सिस्टरांनी सकाळीच सांगितलं.” तिने एक काडी मोडली. “अहो, तुम्ही पट्टी कमी करायला गेलात, माणसंच कमी केलीत.”

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला परवडलं असतं.

मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी घरोघर फिरलो. हात जोडले. जोरात चाला, टाचा आपटा, पाहुणे बोलवा, आहेत तेवढ्या मुलांना दोरीवरच्या उड्या मारू द्या. फक्त पंधरा दिवस. कुंदाचं नाव घेतलं. लाज सोडून घेतलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून उज्ज्वला लांजेकर राहते. नवरा नाही, सासू अंथरुणावर, मुलगी नर्सिंगला. ती दारातच म्हणाली, “काका, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? आता तुमच्यासाठी आम्ही पट्टी चढवून घ्यायची?”

“माझ्यासाठी नाही. काकूसाठी.”

तिचे डोळे भरून आले. “चालेन मी,” ती म्हणाली, “जमेल तसं.” आणि आत वळली ती चवड्यांवरच. तिला कळलंसुद्धा नाही. सवय हाडात मुरली होती, आणि मुरवणारा मीच होतो.

पहिले तीन दिवस फलकावरचा पट्टा लाल तो लालच. मी अंगणात शतपावली घातली, टाचा सुजल्या. पण एका माणसाने हजार पावलं टाकली तरी भुईकानाला तो एकच माणूस. हे मला माहीत होतं, तरी चालत होतो. दुसरं करणार काय?

चौथ्या दिवशी सकाळी मी कुंदाला मशीनला लावून घरी आलो आणि पुढच्या खोलीतली अडगळ काढली. तिथे माझ्या वडिलांचं दुकान होतं. ऐरण, हातोडे, आणि त्यांच्या हातचं शेवटचं घंगाळ, अर्धवट मठारलेलं, निम्म्यावरच ठोक्यांच्या खुणा उमटलेलं. मी हातोडा धरावा म्हणून ते जन्मभर माझ्या मागे लागले होते, मी बी. कॉम. झालो. भुईकानाबरोबर आलेल्या तक्त्यांत मी कितीदा तरी वाचलं होतं की हातोड्याचा एक ठोका साठ माणसांच्या पावलांच्या बरोबरीने धरतात. मी रबराची चटई गुंडाळली, ऐरण उघड्या फरशीवर ओढली, घंगाळ तिच्यावर उपडं धरलं आणि हातोडा हाणला.

काय भयंकर आवाज झाला! तीन वर्षांची शांतता होती ती, एकदम फुटली. आळीत धडाधड खिडक्या उघडल्या. मी थांबलो नाही. घंगाळाला पोचे येत होते, हाताला झिणझिण्या. अर्ध्या तासाने दारात सावली आली. समोरचे भिकूतात्या वडके, वय ऐंशी, आळीतले शेवटचे खरे तांबट, मोतीबिंदूचा चष्मा लावून उभे.

“मोऱ्या,” ते ओरडले, “काय लावलंयस हे? बापाचं घंगाळ आहे ते, धोंडा नाही!”

“तात्या, दवाखान्यासाठी...”

“खड्ड्यात गेला दवाखाना! असा ठोका घालतात का? तीन वर्षं कानात काही नाही आणि आता ऐकायचं ते हे?” त्यांनी माझ्या हातातून हातोडा हिसकावला. “बाजूला हो. मनगट सैल. हातोड्याला पडू द्यायचं, आपण फक्त परत उचलायचा.”

आणि त्यांनी ठोका घातला. स्वच्छ, गोल. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, ओळीने. घंगाळावर नाण्यासारख्या खुणा उमटत गेल्या. तात्या स्वतःशीच काही पुटपुटत होते आणि चष्म्याच्या आतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

दुपारपर्यंत आणखी दोघं म्हातारे आपापले हातोडे घेऊन आले. दयेने नाही हो, त्यांच्याच्याने तात्यांना एकट्याला ठोकू देणं होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपापल्या घरातही ऐरणी मांडल्या. पट्टीचं भान कोणालाच राहिलं नाही. दारुड्याच्या हाताला बाटली लागावी तशी गत झाली त्यांची.

त्या पहिल्या दुपारी कुंदाला आणायला गेलो तर ती पडल्या पडल्या हसत होती. “इथे रक्त फिरत होतं आणि बाहेर ठोके,” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर या आवाजाने झोपले नव्हते. आज चांगली डुलकी लागली.”

अकराव्या दिवशी पट्टा रेषा ओलांडून हिरवा झाला. मी फलकाखाली उभा राहून रडलो. रस्त्यात, सगळ्यांदेखत.

मोजणी संपल्यावर आठवड्याने फोनवर तात्पुरत्या नोटिसा आल्या. मला, तात्यांना आणि त्या दोघांना कारखान्याचा दर. आणि त्यांच्या, माझ्या भिंतीला लागून असलेल्या सगळ्या घरांनाही, कारण आमच्या आळीत भिंती सामाईक आणि ठोका काही भिंतीपाशी थांबत नाही. उज्ज्वला नोटीस माझ्या नाकासमोर धरून उभी राहिली.

“मी घण मारला होता का, काका? सासूचं अंथरूण रस्त्यावर घालू?”

तिचं खोटं नव्हतं.

संध्याकाळी अकरा घरं माझ्या ओटीवर आली. सगळ्यांच्या हातात हरकतीचे कोरे अर्ज. नेहमीसारखे. तात्यासुद्धा होते, मान खाली घालून. “मोऱ्या, लिही बाबा,” ते म्हणाले. “माझं घर मुलाच्या नावावर आहे. तो म्हणतो, तात्या, हातोडा मारलाच नाही असं लिहा.” कुंदा आत होती. ऐकत होती, मला कळत होतं. हरकती मान्य झाल्या तर काय होतं हे तिलाही कळत होतं. मी अर्ज गोळा केले आणि म्हणालो, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. कर अधिकारी देशमाने मॅडम. त्या नव्या लागल्या तेव्हा नोंदवही कशी वाचायची ते मी त्यांना शिकवलं होतं. अजून मला करडेकाका म्हणतात. मी त्यांना अकरा अर्जांचं सांगितलं.

“काका, हरकत मान्य झाली की त्या घरावरचं तेवढं कंपन वजा होणार,” त्या म्हणाल्या. “अकरा घरांचं वजा केलं की तुमची आळी परत रेषेखाली. दवाखाना जाईल. आणि हरकती नाकारायला माझ्याकडे कारण नाही. शेजारच्या घरांच्या तर खऱ्याच आहेत.”

“आणि वजा न करता?”

“म्हणजे?”

“समजा एखाद्याने म्हटलं की तो सगळा ठोका माझा. माझ्याच घरातला. तर तो अकरा घरांवरून निघून एका घरावर चढेल. बेरीज तीच राहते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तसं करता येतं. नियम आहे. पण काका, सगळा कारखाना दर एका घरावर? किती होईल माहीत आहे का तुम्हाला?”

“कारखाना दराचा तक्ता मीच टाईप केला होता, बाई.”

“तुमच्या पेन्शनीत ते बसणार नाही.”

“नाही.”

“तीन वर्षं थकली की जप्ती. दारावर पाटी लागते, लिलाव होतो. मला काही करता येणार नाही, खरंच नाही.” त्यांनी पेन बाजूला सारलं. “काकूंना विचारलंत का?”

तीन वर्षं. आठवड्याला तीन पाळ्या, म्हणजे चारशे अडुसष्ट वेळा कुंदा भिंतीला हात लावत चार घरं चालत जाणार आणि परत येणार. मला इतका मोठा हिशेब आजवर कधी जमला नव्हता. मी म्हणालो, “अर्ज द्या.”

तीस वर्षं मी ‘वापरात नाही’ असं लिहीत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा उलट लिहिलं. ‘तांबट आळीत मोजणीच्या काळात ऐकू आलेले सर्व ठोके माझ्या घरातील असून त्यात अन्य कोणाचाही हात नाही. सदर काम यापुढेही चालू राहील.’ व्यवसायाच्या रकान्यापाशी हात थांबला. मग लिहिलं, तांबट. वडील असते तर हसले असते किंवा त्यांनी माझ्या कानाखाली ओढली असती. सांगता येत नाही.

आळीत शिरलो तेव्हा उज्ज्वला दारात वाट पाहत होती. मी अकराही कोरे अर्ज तिच्या हातात दिले. “लागणार नाहीत आता,” म्हणालो. तिला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. मग ती पदर तोंडाशी धरून मटकन उंबऱ्यावर बसली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मलाही बसावं लागलं असतं.

घरात आलो. दारातली चटई उचलली, मग मधल्या खोलीतली, मग स्वयंपाकघरापर्यंतच्या सगळ्या, आणि गुंडाळून अंगणात टाकल्या. मग पायातल्या चपला काढून टाच टेकवत घरभर चाललो. फरशी थंड होती. स्वतःच्याच घरात पाऊल वाजतंय याने मलाच दचकायला झालं.

“कोण आहे?” आतून कुंदाचा आवाज आला. घाबरलेला. “कोण आलंय हो?”

“मीच आहे.”

ती दाराला धरून बाहेर आली. माझ्या पायांकडे पाहिलं, उघड्या फरशीकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षं संसार केलाय, तिला तोंडाने काही सांगावं लागत नाही.

“सगळं आपल्यावर घेतलंत,” ती म्हणाली.

“हो.”

“घर जाईल.”

“तीन वर्षांनी. मधे काही सुचलं तर...”

“मला विचारलंत?” आता मात्र ती रागावली. “अहो, मी काय आज आहे, उद्या नाही. मी गेले असते तर घर तरी राहिलं असतं तुम्हाला. म्हातारपणी कुठे जाल? विचारायचं तरी होतं मला!”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते!”

“कुंदा,” मी म्हणालो, “रिकाम्या घराला पट्टी शून्य येते. ती मला भरता येणार नाही.”

उज्ज्वलाच्या घरात कोणीतरी चालत होतं, टाचा टेकवत, हे भिंतीतून ऐकू येत होतं. मग कुंदाने डोळे पुसले आणि माळ्याकडे बोट केलं.

“तेवढा खलबत्ता काढून द्या.”

मी स्टूल घेतलं, काढून दिला. त्यावर बोटभर धूळ होती. तिने तो पदराने पुसला, उघड्या फरशीवर मांडला, लसणाच्या चार पाकळ्या टाकल्या आणि डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्तुला केलेला डावा हात जपून पोटाशी धरून, उजव्या हाताने, अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने कुटायला लागली.